भाजलेल्या वाफ्यातली लिली

२१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी सातला घाम. फाल्गुन लागून आठवडा नाही झाला आणि ऊन वैशाखाचं. पेपराला चार ओळी पाठवल्या. संपादकांचा फोन : 'यात आंबा कुठाय?' रत्नागिरीहून काहीही पाठवा, त्यात आंबा हवा. उद्या मी गेलो तरी माझ्या बातमीत मोहोर किती गळला ते घालतील.

वसुधाने आज लिलीचा वाफा झाकला. गेल्या वर्षीचा धसका. फेब्रुवारीतच तापलं, कंद झोपेतून उठले, कोंब वर आले. मग मार्चात सलग धुकं, वर एक अवेळी सर. कोंब बुडातून कुजले. म्हणून यंदा उठवायचंच नाही असा बेत. दिवाळीनंतर पाणी तोडलं, पानं पिवळी होऊन गळली, आता वरून बघणाऱ्याला तिथे काही आहे असं वाटायचं नाही. जमीन गार राहावी म्हणून आधी शेणखत, त्यावर आंब्याचा पातेरा, त्यावर गवत, आणि वारा उडवील म्हणून शेवटी बारीक मातीचा हात. एप्रिलच्या मध्यावर झाकण काढायचं, पाणी द्यायचं.

'अंगाईगीत म्हणू का?' मी.

'तुम्ही म्हटलंत तर उठतील.'

२२ फेब्रुवारी

रविवार. व. वाफ्याशी बसून पेपर तपासते. (नववीचे, विज्ञान. एकाने लिहिलंय, 'कंद म्हणजे आळशी मूळ'. अर्धा गुण दिला म्हणे.)

चार पावसाळे झाले या प्रकरणाला. दाभोळला तिच्या मैत्रिणीच्या अंगणात एक पांढरी लिली होती, घशात हिरवट झाक. तिचे पराग होमिओपॅथीच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये. मी सर्दीचं औषध समजून झाकण उघडलं होतं, त्यावरून जे ऐकलं ते अजून कानात आहे. मग आमच्या दारची लाल फुलल्यावर काडीने ते पराग तिच्यावर. बिया धरल्या, काळ्या, जळक्या कागदाच्या तुकड्यांसारख्या. त्यांची ही वाफाभर लेकरं. यंदा पहिल्यांदा फुलायच्या वयाची.

दाभोळचं अंगण आता फरशीखाली. मैत्रीण घर विकून मुलाकडे बडोद्याला. पांढरी गेली. तिचं जगात जे काही उरलंय ते आमच्या वाफ्यात, तेही अर्धं.

लाल नि पांढरी मिळून रंग कोणता? गुलाबीसर धरून मी 'पाटला' हे नाव सुचवून ठेवलंय. 'बारशाची एवढी घाई असेल तर आत्या शोधा,' म्हणाली.

४ मार्च, बुधवार

शिमगा. पहाटे धुकं असं की समोरच्यांचा नारळ दिसेना. दुपारी डांबराला चप्पल चिकटली. एका दिवसात दोन ऋतू. पंचांगकर्त्यांनी राजीनामे द्यावेत.

पालीजवळच्या गावाहून दादाचा फोन. चुलतभाऊ. माझ्याहून खूप मोठा आणि मला 'विन्या' म्हणणारा जगातला शेवटचा माणूस. पालखी नाचवली नि गुडघा धरला. 'ह्या वयात नाचायचं कशाला?' 'मग काय, बसून बघू? पालखी काय टीव्ही आहे?' सोमवारी डॉक्टरला दाखवायला येतोय. दोघंही घरी नसू, किल्ली शेजारी ठेवतो म्हटलं.

९ मार्च, सोमवार

लिहितो, कारण आज या घरात बोलायची सोय नाही.

सकाळी मिरकरवाड्याच्या मासळी बंदरात होतो, बर्फाच्या टंचाईची बातमी. दुपारी परतताना वळणावरून आमच्या परसातून धूर. पर्वतावर धूर दिसला की अग्नीचं अनुमान करावं, हे पाठशाळेत पहिल्या वर्षाला घोकलं होतं. आयुष्यात प्रथमच ते अनुमान चुकावं म्हणून पळालो.

चुकलं नाही.

दादा धोतर खोचून, हातात माडाच्या झावळीची काठी, शेजारी पाण्याची बादली. चेहऱ्यावर समाधान. वाफा एका कडेने सावकाश धुमसत येत होता.

'घाबरू नको रे विन्या, वाऱ्याच्या उलट लावलाय. घाई नाही करायची. खालपर्यंत भाजलं पाहिजे.'

'दादा, हे काय केलंत?'

'डॉक्टरकडनं लौकर सुटलो, म्हटलं वाईच हात लावू. पोरीनं काय रचलंन् रे! शेण, पातेरा, गवत, वर माती. असली दाढ आमच्या वाडीत कोण रचत नाही आता. आणि पेटवायची तेवढी विसरलात!'

'ती दाढ नव्हे.'

'मग?'

'लिली आहे.'

'कोण लिली?'

मी बादली उचलून ओतली. फस्स करून वाफ. दादा ओरडला, 'अरे, भाजलेल्यावर गार पाणी ओततात काय!' खरंच होतं ते. आधीच भाजलेल्याला मी उकडलं.

भाताचं रोप टाकायची जागा, म्हणजे दाढ, अशीच करतात. शेण, पाला, गवत, वर माती; आणि पावसाआधी जाळायची. भाजावळ. इथल्या शेतकऱ्याला डोळे मिटून समजते. व. साताऱ्याची, तिला कोण सांगणार की तिने थर न् थर तेच रचलंय? मला दिसायला हवं होतं, पण मी शब्दरूपं पाठ करत वाढलो. दादाने जे केलं ते त्या रचनेकडे बघून कुठल्याही भल्या माणसाने केलं असतं.

व. दोनला आली. पर्स खांद्यालाच. वाफ्याकडे बघितलं, दादाकडे, मग माझ्याकडे. दादाला एव्हाना काहीतरी कळलं असावं, काठी मागे लपवून उभा.

'दादा, गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर?'

बस. एवढंच बोलली. आत गेली.

दादा चहा न घेता चारच्या एस्टीने गेला.

एक गोष्ट फक्त इथे. परसात वास भाजलेल्या कांद्याचा होता. आणि मला भूक लागली.

१० मार्च

व. सकाळी खुरपं घेऊन कडेचे कंद काढून बघत होती. बोटाने दाबला की सालीतून रस. एक, दुसरा, तिसरा. सगळे ओळीने पायरीवर मांडले. चौथ्याला थांबली.

'बाकीचे नाही काढत.'

'का?'

'काढले तर कळेल.'

शाळेत गेली. मी पायरीवर त्या तिघांशेजारी बसून राहिलो. विनोद सुचला नाही. नोंद करण्याजोगी बाब.

१३ मार्च

दादाचा फोन, कालपासून तिसरा.

'वसुधा जेवते ना?'

'जेवते.'

'माझ्याशी बोलेल?'

मी तिच्याकडे बघितलं. शेजारीच फणसाची कुयरी चिरत होती, तेल लावलेले हात. मान हलवलीन्. 'शाळेत गेलीय म्हणा.'

संध्याकाळी सात वाजता शाळा. दादाने 'बरं बरं' म्हटलं. तोही काही खुळा नाही.

आमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं होतील. भांडण झालं की व. बोलते, भरपूर बोलते, मी मुद्दे लिहून घ्यावेत इतकं मुद्देसूद. हे न बोलणं नवीन आहे. कुठे ठेवावं समजत नाही.

२४ मार्च, मंगळवार

उष्णतेची लाट, असं वेधशाळेचं म्हणणं. सं. : 'आंब्यावर परिणाम?' पाठवला परिणाम.

व. केरसुणी नि सूप घेऊन वाफ्यावरची राख काढते आहे. राखेत पाणी गेलं की खार उतरतो, मुळं जळतात. म्हणजे पाऊस पडण्याआधी निघायला हवी. वाफ्याचा केर काढणारी बाई मी तरी प्रथम पाहिली. 'मी धरू का सूप?' धरू दिलंन्. प्रगती.

आणि आज बोलली. सलग चार वाक्यं. 'वरची माती आता काळी झालीय, ऊन जास्त ओढणार. पाणी द्यावं तर अर्धे भाजलेले कुजतील. नाही दिलं तर उरलेले सुकतील. काय करू सांगा.'

तिने मला बागेतलं विचारलं! अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. मी हबकून 'तू म्हणशील ते' म्हटलं. परीक्षेत नापास.

जुनं तरटाचं पोतं आडवं बांधून सावली केलीन्. पाणी नाही.

५ एप्रिल, रविवार

पाणी द्यायचं की नाही, कोण विचारतं कुणाला. दुपारी चारला आकाश तांब्याच्या बुडासारखं झालं आणि कोसळला. पाऊण तास. परसात घोट्याएवढं पाणी. एप्रिलच्या पाच तारखेला!

व. डोक्यावर परात घेऊन धावली, वाफ्याच्या खालच्या बाजूचा बांध पायाने फोडलान्, पाणी बाहेर काढलंन्. मी पत्रा आणला. पत्रा वाऱ्याने उडून शेजाऱ्यांच्या अळवात. शेजारी खिडकीतून, 'काय हो, पत्रकार, पत्रे वाटताय?' उत्तर सुचलं, पण रात्री जेवताना. नेहमीप्रमाणे.

वाफा म्हणजे काळा चिखल. राख बरीच निघाली होती म्हणून थोडक्यात. व. चिखलातच उभी, परात हातात, केस गालाला चिकटलेले.

'फेब्रुवारीत वैशाख, मार्चमध्ये वणवा, एप्रिलात आषाढ,' म्हणाली. 'त्यांनी झोपायचं कधी नि उठायचं कधी?'

त्यांनी म्हणजे लिलींनी. जिवंत असल्यासारखं बोलली, हे माझ्या लक्षात आलं. तिच्याही आलं असावं. लगेच आत गेली.

१६ एप्रिल

एरवी आज झाकण काढायचा दिवस. झाकण नाहीच, म्हणून व.ने वाफाच उघडला. 'आता बघायला हवं.'

मऊ. मऊ. पोकळ. मऊ. मी टोपली धरून. एकेक पडताना आवाजही होत नव्हता. दाभोळची अर्धी पांढरी, टोपलीत.

तिचा हात एके ठिकाणी मनगटापर्यंत आत गेला आणि तिथेच राहिला. चेहरा बदलला. साप लागला असं वाटून मी मागे सरलो (आधी मागे सरलो, मग 'काय गं' विचारलं, क्रम तिने नोंदवला).

'हा टणक आहे.'

काढला. एक अंग तपकिरी, पापुद्रे जळके. दुसरं अंग पांढरं, घट्ट, ओलं नाही. व. त्याच्याकडे बघतच राहिली.

'मी सगळे दोन बोटं खोल लावले होते. हा सहा बोटं खाली कसा?'

मग स्वतःच सांगू लागली, मला नव्हे, त्या कंदालाच. मुळं आखडतात. वरची जमीन तापते, सुकते, तशी मुळं आकसतात आणि कंदाला खाली ओढतात. दर उन्हाळ्यात थोडं. हे ती नववीला शिकवते, आकृती काढून. तिने ते कधी हातात धरलं नव्हतं.

'म्हणजे गेल्या वर्षीच्या उन्हाने यालाच शिकवलं?' मी.

'कोणी शिकवत नाही हो. ज्यांची मुळं आखडली नाहीत ते टोपलीत आहेत.'

एवढा वाफा, आणि एक.

जळके पापुद्रे सुरीने काढले, हळद लावली, दोन दिवस सावलीत सुकवून वाळू घालून परत लावणार. बूडही एका बाजूने भाजलंय. मुळं थोडीच. 'जगेल?' 'विचारू नका.'

२८ एप्रिल, मंगळवार

दादा आला. फोन न करता, पाठीवर गोणी, गुडघ्याला पट्टा. दारात गोणी ओतली : लाल लिलीचे कंद, ढीगभर. सगळी परसबाग उपटून आणली असावी.

'घे गो वसुधा. ह्या पण लिल्याच ना?'

व. दीड महिन्याने त्याच्याशी बोलली. 'दादा, बसा. ह्या माझ्याकडे आहेत.'

'तेच तर! मग त्यात कुठली अशी सोन्याची होती?'

मी आत निघालो होतो, वातावरण बघून. पण व. शांत होती. पाणी दिलं आणि सांगू लागली. दाभोळची पांढरी, परागांची बाटली, बिया, चार वर्षं. दादा ऐकत होता, नेहमीसारखं 'हां, हां' करत. मध्येच त्याचं 'हां' थांबलं.

'थांब. दोन जातींचं एकात आणून... बियाणं धरून... म्हणजे तू वाण काढत होतीस?'

'हो. तसंच.'

दादा उठला. परत बसला. पाण्याचा तांब्या हातात तसाच.

'मला वाटलं शोभेचं काहीतरी,' म्हणाला. 'फुलं गेली तर परत येतात. हे... वाण जाळलं मी?'

माझा हा भाऊ चुलत्यांच्या सरणापाशी रडला नव्हता. आज आमच्या ओटीवर धोतराच्या सोग्याने डोळे पुसत बसला. व.ने शेवटी तांब्या काढून घेतला.

'एक राहिलाय, दादा. चला, दाखवते.'

दाखवण्याजोगं काही नव्हतं. वाळूचा उंचवटा नि काडी. दादा तरी पाचेक मिनिटं उभा राहिला. चहा घेऊन गेला. गोणी इथेच.

८ मे, शुक्रवार

शाळेला सुट्टी लागली. सकाळी व.ची हाक, 'अहो!' आवाज असा की मी अर्ध्या दाढीने धावलो.

वाळूतून टोक. पान नव्हे, पान चपटं येतं. हे फुगीर, टोकाला चिमटलेलं. कळी. पानांचा पत्ता नाही, मुळं असून नसल्यासारखी, आणि थेट कळी!

माझा साबण वाळत चालला होता. 'अगं, हे तर...' 'हो,' म्हणाली. हसली नाही. मला वाटलं होतं नाचेल. उकिडवी बसून बोटाने वाळू चाचपत होती.

१० मे, रविवार

पुण्याहून ऋचाचा व्हिडिओ कॉल. लेकीला कळी दाखवली. ती किंचाळली. मीही जरा किंचाळलो. व. नाही.

मग कारण कळलं. लिलीचं फूल कंदात आधीच घडून बसलेलं असतं, गेल्या पावसाळ्यातल्या कमाईवर. आता हा कंद अर्धा. पानं नाहीत, म्हणजे नवी कमाई शून्य. दांडा वाढवायला, पाकळ्या उलगडायला जे लागेल ते कंदातूनच जाणार. उमलला तर बहुतेक संपला.

'आणि आत्ताच कापली कळी तर?' ऋचा.

'तर कदाचित पानं धरेल. जगेल. दोनतीन वर्षांनी परत फुलेल. कदाचित.'

'आई, उमलू दे, पराग काढून लालवर टाक, परत बिया!'

'म्हणजे अर्ध्याचं पाव होईल. ही ती नसेल.'

आम्ही दोघं ज्या गोष्टीवर आनंदलो होतो, ती त्या कंदाची शेवटची उधळपट्टी आहे, हे डोक्यात शिरायला वेळ लागला.

१३ मे

दांडा वीतभर. कमालीची घाई आहे त्याला.

माझं मत : उमलू द्यावं. चार वर्षं रंगाची वाट बघितली, बघू तरी. सांगितलं. व. : 'तुम्हाला बातमी हवीय.' लागलं. खोटं नव्हतं म्हणून जास्त.

दादाला फोनवर सांगितलं. त्याचं : 'एकदा फुलू दे रे. डोळ्यादेखत एकदा. मग माझा जीव जरा...' वाक्य सोडून दिलंन्. मग म्हणाला, 'पण माझं ऐकू नको. मी कसाई.'

व. रोज सकाळी कात्री घेऊन जाते, रोज तशीच परत येते. भाजी कापायची कात्री परसात, आणि स्वयंपाकघरात कोथिंबीर हाताने तोडली जाते.

१६ मे, शनिवार

अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा. मिरकरवाड्याला जाऊन आलो, ट्रॉलर परतताहेत, एकमेकाला बांधून दाटीने उभे. एक तांडेल म्हणाला, 'साहेब, मे म्हणजे आता मे राहिला नाही. जाळं टाकायचं तरी विचारून टाकायला लागतं.' कोणाला विचारून, ते त्यालाही माहीत नव्हतं.

उद्या दुपारपासून जोराचा पाऊस नि वारा, असा इशारा. सं. म्हणाले, 'आंबा'. म्हटलं, 'होय, पडेल.'

घरी आलो तर कळीवरचं आवरण टोकाला जरासं तडकलेलं. उद्या उमलणार. म्हणजे पाऊस तिला फार तर दोन तास देणार. कंद संपायचा, आणि फूल चिखलात.

व.ने दांड्याला बांबूची कामटी बांधलीय. टेकू द्यायचा की कापायचा, दोन्ही तयारी एकाच वेळी. मी म्हटलं, 'कुंडीत काढून आत घेऊ या?' 'आहेत ती चार मुळं तोडून?'

१७ मे, रविवार. सकाळ

दादा पहिल्या एस्टीने हजर. आकाश शिशाचं. वारा अजून नाही, पण नारळाच्या झावळ्या उगाच थांबल्यासारख्या.

तिघं वाफ्याशी. व.च्या हातात कात्री. चष्मा काढून पदरात ठेवलेला. चष्म्याविना तिला स्वतःचं बोट दिसत नाही. मी विचारलं, हे काय?

'रंग दिसला तर कापवणार नाही. न बघता ठरवणार आहे.'

पण चीर मोठी झाली होती. आणि मी, माझा चष्मा नाकावर, बरोबर समोर उभा. बघायचं नव्हतं असं म्हणणार नाही. बघितलं.

मला रंगाची कल्पना होती. चार वर्षं होती. पाटला वगैरे. ती सगळी कल्पना एका क्षणात पोरकट झाली. मी काही बोललो नाही, शपथ. पण काहीतरी घडलं असणार, कारण व. वळून माझ्याकडे (म्हणजे माझ्या दिशेच्या धुरकट आकाराकडे) बघत राहिली आणि म्हणाली,

'तुम्ही आत जा.'

'मी बोललो का काही?'

'तुम्ही श्वास घेतलात. आत जा.'

'आणि दादा?'

'दादांना मोतीबिंदू आहे. त्यांना सगळं पांढरंच दिसतं.'

'पांढरं नाय गो,' दादा म्हणाला, 'धुकट.' पण राहिला तो. छत्री उघडून, कळीवर धरून, गुडघ्याचा पट्टा आवळत.

तर मी आत. मधल्या खोलीत, हे लिहितोय. रंग इथे लिहीत नाही. ही वही ती वाचते, आणि वाचत नाही असं म्हणते. तो शब्द संस्कृतात शोधून बघितला. नाही. मराठीतही नाही.

बाहेर बोलणं चाललंय, तुटक.

'दादा, तुमच्याकडे नवं वाण आलं नि पहिलंच कणीस धरलं, तर तुम्ही काय करता?'

मग दादा, 'आमच्याकडं एक कणीस गेलं तर दुसरं असतं गो. तुला मी एकच ठेवलं.'

कात्रीचा आवाज आला की येईलच, असं कान देऊन बसलोय. मला काय ऐकायचंय, तेही धड कळत नाही.

झावळ्या हलायला लागल्या. खिडकी आपटली, लावली. पहिले थेंब पत्र्यावर.

कात्रीचा आवाज नाही.

दादा खोकला. आणि आत्ता तिची हाक आली, मोठ्याने, साताऱ्याच्या घाटावरून मारल्यासारखी :

'अहो! या बाहेर. चष्मा लावलाय मी, चेहरा घेऊनच या.'